चाहूलपट्टी

तुम्ही यावर विश्वास ठेवणार नाही, हे मी आधीच सांगून टाकतो. माझ्या गोष्टीवर विश्वास ठेवणारा माणूस आमच्या वाडेखोलात अजून जन्माला यायचाय. नळाच्या तोटीतून जिवंत बांगडा पडला, हे मी सांगितलं तेव्हा लोक हसले. पाण्याच्या दाबाने सदू घवाळ्याची गाय कौलांवर चढली, हे सांगितलं तेव्हा खुद्द सदू घवाळी हसला, आणि गाय त्याचीच होती. पण आजची गोष्ट ऐकून तुम्ही म्हणाल, म्हाताऱ्याची गाय परवडली. एका बाईचं हसू पंचवीस वर्षं हरवलेलं होतं, आणि ते धरून आणलं बोटभर रुंदीच्या एका पट्टीने.

असं मी म्हणालो तेव्हा तालुक्याच्या दवाखान्यात, ओटीपोट विभागाबाहेरच्या बाकावर आम्ही दोघंच होतो. मी गंगाराम रेवाळे, आणि माझ्या शेजारी हेमंत सोलकर नावाचा चाळिशीचा गृहस्थ. तो डोळ्यांवरच्या चष्म्यात कसली तरी मॅच बघत होता. हल्ली सगळे बघतात तशी, माणसाकडे तोंड करून आणि माणूस सोडून. त्याची आई समोरच्या खोलीत डॉक्टरांच्या रांगेत बसली होती. माझी बायको, सुगंधा, आमच्या पाठीमागच्या हिरव्या पडद्याआड. तिची वर्षाची तपासणी होती.

पडद्यातून यंत्रावरच्या तेजस्विनीबाईंनी डोकं बाहेर काढलं.

"आजोबा, खोकला घेतला, शिंक घेतली, वजन उचलणं घेतलं. हसू तेवढं राहिलंय. आजी काही केल्या हसत नाहीत."

"राहू दे की," मी म्हणालो. "म्हातारं माणूस आहे. सवडीने हसेल."

डोकं आत गेलं. मी आवाज जरा चढवला आणि हेमंतला विचारलं, "आईचं काय?"

"अंग बाहेर येत होतं. चार महिन्यांपूर्वी ऑपरेशन झालं," तो चष्मा न काढता म्हणाला. "चांगलं झालं. सगळं जागेवर आहे म्हणतात. पण आता ती कुठे येतच नाही. माझ्या भाचीच्या लग्नाला आली नाही. गाडीत बस म्हटलं की काहीतरी कारण. हट्टी झालीय."

"हट्टी," मी म्हणालो. "हा शब्द मीही वापरला होता. तो चष्मा काढ आणि ऐक."

त्याने काढला नाही. पण मॅच बंद केली असावी, कारण त्याचे डोळे माझ्या तोंडावर आले.

मी नळपाणी योजनेवर पाणी सोडणारा माणूस. सकाळी टाकीवर जायचं, व्हॉल्व्ह फिरवायचा, आधी खालची वाडी, मग वरची. कुठे पाइप फुटला, कुठे सांधा गळतोय, हे मला रस्त्याच्या ओलीवरून कळायचं. अख्ख्या गावाची गळती मी थांबवली. आणि संध्याकाळी आमच्या पडवीत बसून त्याच पाण्याच्या गोष्टी सांगायच्या. चार माणसं जमायची. सुगंधा आतल्या दाराशी बसायची, निवडायला तांदूळ घेऊन. सगळ्यात आधी ती हसायची. ती हसली की बाकीचे हसायचे. बाकीच्यांना वाटायचं, गोष्ट माझी आहे. मला माहीत होतं, दोघांची आहे.

पण नळ यायच्या आधी आमच्या घरात पाणी यायचं ते तिच्या डोक्यावरून. विहीर खाली वहाळाजवळ, घर वर टेकाडाच्या टेपावर. एक हंडा डोक्यावर, एक कळशी कमरेवर. तीन बाळंतपणं झाली, आणि प्रत्येक वेळी सव्वा महिना पुरा व्हायच्या आत हंडा परत डोक्यावर. नळ आला, मी पाणीवाला झालो, तोवर तिचं अंग उतरलं होतं.

अंग उतरणं म्हणजे काय, ते हेमंतला माहीत होतं, तुम्हाला नसेल तर सांगतो. बाईच्या ओटीपोटाच्या तळाशी स्नायूंची एक झोळी असते. गर्भाशय, लघवीची पिशवी, मागचं आतडं, सगळी मंडळी त्या झोळीत बसलेली. बाळंतपणांनी आणि ओझ्यांनी झोळी सैल पडते. मंडळी खाली सरकतात. आधी नुसतं जड वाटतं, मग काहीतरी बाहेर डोकावतं. बाया ते हाताने आत सारतात आणि भात लावायला जातात. कुणाला सांगत नाहीत. सुगंधाने मला सांगितलं नव्हतं. आम्ही एका चटईवर झोपत होतो, तरी नाही.

आमच्या घरात सून आली तेव्हा ते बाहेर पडलं. मनाली तिचं नाव. सासूला न्हाणीघरात भिंत धरून उभी बघितली आणि दुसऱ्याच दिवशी हाताला धरून इथे घेऊन आली. ऑपरेशन झालं. झोळी वर उचलून आत हाडाला बांधली. सुगंधा ताठ चालायला लागली. मी पडवीत जाहीर करून टाकलं की माझी बायको पंचवीस वर्षांनी लहान झाली आणि आता मला दुसरी सोयरीक बघावी लागणार. लोक हसले.

सुगंधा हसली नाही. ती उठून मागच्या दारी गेली.

मला वाटलं, सोयरिकीचं लागलं असेल. दुसऱ्या दिवशी गाईची गोष्ट काढली. गाय कौलांपर्यंत गेली आणि सुगंधा उठली. तिसऱ्या दिवशी ती पडवीत आलीच नाही. मग मी कान देऊन बसायला लागलो. गोष्ट इकडे चालायची आणि तिकडे मागच्या दारी धुणं आपटल्याचा आवाज. तिन्हीसांजेला कोण धुणं धुतं? तिची लुगडी पुढच्या दोरीवर दिसेनाशी झाली. मागे, फणसाच्या आड वाळायला लागली. देवळात गेली तर खांबाशी उभी. नातवाच्या बारशाला सतरंजी अंथरलेली, सगळ्या बाया बसलेल्या, ही दाराशी उभी. शेजारचा महादू म्हणाला, वैनी, गाडीतून सोडतो, तर म्हणाली, चालत जाते. पावसातून चालत गेली.

"हट्टी झालीय," मी मनालीला म्हणालो.

मनाली भाकरी थापत होती. तिचा हात थांबला. "बाबा, आई हट्टी नाहीत. आई हसायला घाबरतात."

"का?"

 तिने तव्यावरची करपलेली भाकरी उतरवली. मग खाली बघून म्हणाली, "हसलं की सुटतं. खोकलं की सुटतं. ऑपरेशनच्या आधी नव्हतं असं. ऑपरेशननंतर सुरू झालं. तुम्हाला सांगू नको म्हणाल्या. तुम्ही गोष्ट कराल म्हणाल्या."

आता ऐक, हेमंत. गावची गळती रस्त्यावरून ओळखणारा माणूस मी. माझ्याच पडवीच्या दाराशी पाट ओला होत होता, आणि मी गाय कौलांवर चढवत होतो.

हेमंतने चष्मा काढला. खिशात घातला नाही, नुसता हातात धरला.

दुसऱ्या दिवशी आम्ही विजेच्या एसटीने इथे आलो. त्या एसटीचा आवाज होत नाही, धूर होत नाही, सगळं सुधारलं. स्टँडावरचं बायांचं संडास तेवढं माझ्या लहानपणी होतं तसंच आहे. तेव्हा इथे डॉक्टर शिरगावकर नावाच्या बाई होत्या. त्यांनी मला समजावलं ते असं. खरं तर मीच त्यांना समजावलं, पण त्या मान्य करणार नाहीत.

"रेवाळे, तुम्ही पाइपवाले. रबरी नळी मधेच दुमडली तर पाणी थांबतं की नाही? तोटी गळकी असली तरी?"

"थांबतं."

"तुमच्या बाईंची लघवीची पिशवी खाली लोंबली होती. त्यामुळे तिची नळी दुमडली होती. तोटी कधीच सैल झाली होती, पण दुमडीमुळे ते झाकलं गेलं. आम्ही पिशवी वर उचलली. नळी सरळ झाली. आणि झाकलेली गळती उघडी पडली."

"म्हणजे ऑपरेशन बिघडलं?"

"नाही. उचलायचं ते नीट उचललं. पण हे असं होऊ शकतं हे आधी कळायला हवं होतं. त्याची चाचणी असते. पिशवी भरलेली असताना उतरलेलं अंग आत ढकलून धरायचं आणि बाईला खोकायला सांगायचं. गळलं तर ऑपरेशनबरोबरच बंदोबस्त करता येतो." त्यांनी संगणकाच्या पडद्यावर सुगंधाची जुनी तपासणी उघडली. "तुमची ही चाचणी केली होती, आजी. थेंबही आला नव्हता. तुम्ही बाटलीभर पाणी प्यालात, असं इथे लिहिलंय."

सुगंधा पायाच्या अंगठ्याकडे बघत होती.

"प्याला होतात ना?"

"कुंडीत ओतलं," ती म्हणाली.



"सकाळपासून पाणी नव्हतं घेतलं," ती हळू आवाजात म्हणाली. "एसटीने यायचं असलं की आम्ही कुणीच घेत नाही. जायचं कुठे वाटेत? आणि परतीची गाडी तशीच. सिस्टरांनी बाटली दिली, त्या वळल्या, मी तुळशीच्या कुंडीत ओतलं. प्यालात का म्हणाल्या, मी हो म्हटलं. रागावतील म्हणून."

मला वाटलं, डॉक्टरीण आता बोलणार. बाटलीभर बोलणार. पण ती बाई पुन्हा त्या नोंदीकडे बघून म्हणाली, "पिशवी किती भरलीय ते मोजायचं यंत्र त्या दिवशी दुरुस्तीला गेलं होतं. आम्ही तोंडी विचारलं आणि पुढे गेलो. चूक आमची. या रस्त्यावरून येणारी एकही बाई पाणी पिऊन येत नसणार, हे आम्हाला इतक्या वर्षांत सुचलं नाही."

इथे हेमंत ताडकन उठला.

"आई पण नाही प्यायली," तो म्हणाला. "सकाळपासून थेंब नाही. घरून निघताना मी चहा दिला, तोही नको म्हणाली. मला वाटलं उपास आहे."

"मग माझं तोंड काय बघतोस?"

तो कोपऱ्यातल्या कूलरकडे गेला, बाटली भरली, डॉक्टरांच्या दारावर टकटक करून आत गेला. आत काय बोलला ते मला ऐकू आलं नाही. परत आला तो रिकाम्या हाताने, आणि बाकाच्या माझ्या बाजूच्या टोकाला बसला.

"मग?" तो म्हणाला.

मग चाहूलपट्टी. ती तेव्हा नवीन निघाली होती, तीच सुगंधाला बसवली. पूर्वी अशा गळतीला साधी पट्टी बसवायचे, नळीखालून आधार म्हणून, झोपाळ्याच्या दोरीसारखी. ती एकदा जेवढी ताणली तेवढीच राहायची. जास्त ताणली तर बाईला लघवी होईना, कमी ताणली तर गळती चालूच. चाहूलपट्टीचं तसं नाही. तिच्यात बारीक धागे विणलेले, किंचित वीज मिळाली की आखडणारे, वीज गेली की सैल होणारे. वीज येते बाहेरून, कमरेला बांधायच्या पट्ट्यातून. आणि खरी कमाल अशी की ती पट्टी ऐकते. माणूस खोकतो त्याच्या क्षणभर आधी मेंदूचा हुकूम पोटाच्या स्नायूंना गेलेला असतो, आणि तो हुकूम जाताना स्नायूंत विजेची सळसळ होते. धडधाकट बाईत तोच हुकूम खालच्या झोळीलाही जातो आणि झोळी आधीच आवळून बसते. सुगंधाच्या झोळीला निरोप उशिरा पोचायचा. पट्टी मधल्या मधे निरोप ऐकते आणि झोळीच्या वतीने आवळते. खोकला येण्याआधी. म्हणून चाहूल.

पण प्रत्येक बाईची सळसळ निराळी, आणि ती पट्टीला शिकवावी लागते. शिकवायचं घरीच. सोबत एक डबी दिलेली, तिला एक दिवा. बाई खोकली, पट्टीला कळलं, दिवा हिरवा. नाही कळलं, पिवळा. आणि शिकवायला मुदत. पट्टीभोवती आतलं मांस धरलं की तिचं शिकणं संपलं. पुढे दर वर्षी इथे येऊन शिकलेलं पडताळून घ्यायचं, एवढंच. आमची मुदत गौरी येईपर्यंत होती.

खोकला दोन दिवसांत शिकवला. शिंकेसाठी मी अशी तपकीर आणली की परसातल्या काजूवरचे कावळे शिंकले. बादली उचलणं, उठणं, बसणं, सगळं हिरवं. राहिलं हसू.

"ते काय, माझ्या हातचं काम," मी म्हणालो, आणि बांगड्याची गोष्ट काढली. सुगंधा समोर बसलेली, डबी मांडीवर. बांगडा तोटीतून पडला. ती हसली. चांगली खळखळून हसली.

दिवा पिवळा.

गाय चढवली. हसली. पिवळा. माझ्या आयुष्यातली सगळ्यात मोठी थाप, जी मी मरताना सांगायची म्हणून ठेवली होती, ती खर्ची घातली. ती पदर तोंडाला लावून हसली. पिवळा.

"डबी बिघडली," मी म्हणालो.

"डबी नाही बिघडली."

डॉक्टरीणबाईंनी सांगितलेलं मला आठवलं. आणलेलं हसू गळ्यातून निघतं. खरं हसू खालून, पोटातून, आणि ते येतं तेव्हा माणसाचे सगळे स्नायू सैल सुटतात. म्हणून तर गळतं. दोघांची सळसळ वेगळी. माणसाला फसवता येतं, पट्टीला नाही.

"म्हणजे तू इतकी वर्षं..."

"इतकी नाही," ती म्हणाली. "लग्नानंतर खरंच हसायचे. पोट धरून हसायचे. मग अंग उतरलं. पोट हललं की ते खाली यायचं. भर पडवीत, चार माणसांत, मांड्या आवळून बसायचं आणि तुमची गाय कौलांवर चढायची वाट बघायची. मग मी वरच्या वर हसायला शिकले. गळ्यातून. तुम्हाला हसणारी बाई लागत होती, मला अंग सांभाळायचं होतं. दोघांचं भागलं."

"आणि मला कळलं नाही?"

"तुम्ही सांगत होता. सांगणाऱ्याला कुठे ऐकू येतं?"

तिने डबीवरचा दिवा बोटाने झाकला.

"आता मला ते येतच नाही," ती म्हणाली. "कुठून सुरू करायचं तेच विसरले. आणि आलं तरी भिजायला होईल, शिकवायच्या दिवसांत भिजावं लागतं म्हणतात. नको. खोकल्याला बंद झालंय, पुष्कळ झालं. हसायचं नाही, त्यात काय? इतकी वर्षं नाहीच हसले, कुणाचं काय अडलं?"

हे ती रडून म्हणाली असती तर बरं झालं असतं. भाजी महाग झालीय म्हणावं तशी म्हणाली.

पुढे त्या पट्टीने तालुक्यात काय काय केलं तेही सांगायला हवं. पुष्कळ बायांना बसली ना ती. डब्या घरोघर झाल्या, आणि घरोघर नवऱ्यांना कळायला लागलं की आपण विनोदी नाही. एका सासऱ्याने सुनेची डबी जेवताना समोर ठेवायला लावली. एका पुढाऱ्याच्या सभेत पुढच्या रांगेला महिला मंडळ बसवलं होतं, पुढारी कोट्या करत होता, मंडळ हसत होतं, आणि रांगभर पिवळे दिवे, दिवाळीसारखे. मग बायाच उठल्या. इथे येऊन बसल्या, म्हणाल्या, आमचं हसू खरं की खोटं हे आमचं आम्हाला कळू दे, दुसऱ्या कुणाला कशाला? तेव्हापासून डबीचा दिवा गेला, हातात एक कडं आलं आणि त्याला नुसता थरथराट. तो जिचा तिलाच कळतो. आता नवऱ्यांना पुन्हा वाटायला लागलंय की आपण विनोदी आहोत.

हेमंत हसला. मी नाही हसलो. मी पडद्याकडे कान लावला. आत काही हालचाल नव्हती.

गौरी जवळ आल्या. आमच्याकडे गौरीला फुगड्या असतात, आणि आधी काही दिवस बाया दुपारी घरापुढच्या खळ्यात जमून पाय मोकळे करून घेतात. ऐन वयात सुगंधासारखी फुगडी पंचक्रोशीत कुणाची नव्हती. पदर खोचून उभी राहिली की समोरची बाई आधीच हात मागे घ्यायची. त्याच्या पंचवीस वर्षं आधी एकाएकी सोडली. गुडघे दुखतात म्हणाली. आम्ही सगळ्यांनी गुडघ्यांना तेल लावलं.

त्या दुपारी बाया आमच्याच खळ्यात जमलेल्या. सुगंधा उंबऱ्यात बसलेली, मांडीवर डबी, शेजारी राखेने घासून उन्हात पालथा घातलेला पितळी तांब्या. तो तांब्या लक्षात ठेव, हेमंत. बाया तिला बोलवत होत्या आणि ती मान हलवत होती. चेहऱ्यावर ते हसू, गळ्यातलं. मी पडवीतून बघत होतो. मुदत संपत आलेली. परवा गौरी येणार, आणि ही बाई जन्मभर अशीच उंबऱ्यात बसून राहणार, लोकांच्या हसण्याकडे पाहुण्यासारखी बघत. आणि एवढ्या थापा मारूनही माझ्याकडे एक गोष्ट नव्हती जी तिच्या पोटापर्यंत पोचेल.

मग मी उठलो. लेंग्याची नाडी आवळली, खळ्यात उतरलो आणि मनालीला म्हणालो, "दे हात."

"बाबा, काय करताय?"

"फुगडी. दे हात."

बायांनी तोंडाला पदर लावले. मी मनालीचे हात धरले, टाचा जुळवल्या, अंग मागे टाकलं, आणि फिरलो. सत्तरी ओलांडलेला माणूस मी, पण काय फिरलो! पंपाचा पंखा फिरतो तसा. पहिल्या फेरीत टोपी गेली. पुढे पुढे खळ्यातली धूळ माडांच्या शेंड्यांना लागली. बाया मोजायच्या थांबल्या. अर्धी दुपार गेली, सावल्या लांब झाल्या, महादूची म्हैस दूध द्यायची विसरली. शेवटी मनाली दमली, मी नाही. तिने हात सोडले, मी ताठ उभा. जरा घाम आलेला, एवढंच. घसा कोरडा पडलेला, म्हणून उंबऱ्यापाशी गेलो आणि पाणी प्यायला तो तांब्या उचलला. हात घामट होता, निसटला. भरलेला तांब्या माझ्या लेंग्यावर! कमरेपासून घोट्यापर्यंत मी भिजून चिंब, आणि सुगंधा माझ्याकडे बघून...

"खोटं!"

पडद्याच्या आतून आलं.

"काय खोटं?" मी पाठ न वळवता म्हणालो. "भिजलो नाही मी?"

"भिजलात! पण तांब्या पालथा होता. मीच घातला होता घासून. त्यात पाणी कुठून आलं?"

"मनालीने भरून ठेवला असेल."

"मनाली तुम्हाला सावरत होती! दोन फेऱ्या मारल्या नाहीत तर मटकन खाली बसलात खळ्यात, आणि तिथंच..." आवाज मोडला. पुन्हा जोडला. "अहो, पाणी होतं हो. पण तांब्यातलं नव्हतं!"

हेमंत माझ्याकडे बघत होता. मी टोपी सारखी केली.

"आणि उठेनात," पडदा सांगत होता, "बाया बघतील म्हणून मांडी घालून बसले, मला म्हणतात कसे, सुगंधा, तांब्या आण लवकर, ओतून घेतो अंगावर... ते ऐकलं आणि... माझंही... दोघं जण, सणाच्या तोंडावर, दोघं जण ओले..."

पुढचं बोलणं झालंच नाही. आधी आवाजच नव्हता. नुसता पडदा हलत होता, खाटेचं लोखंड करकरत होतं. मग आला तो खालून, कुठूनतरी विहिरीच्या तळातून यावा तसा.

"हलू नका आजी, हलू नका," तेजस्विनीबाई म्हणाल्या. "आलं. यंत्रावर हिरवं आलं." आणि जरा थांबून म्हणाल्या, "आणि कोरडं."